ऊब

मायरन सोमवारीच सांगून गेला,
जमीन चार फूट गोठलीय, काकू,
कुदळ टणकन परत येते.
दोन दिवस तरी लागतील.
मी म्हटलं, लागू देत.
तुला कुठे घाई असायची, ओरेस्ट.

घाई फक्त पहाटेची.
चोपन्न हिवाळे तू माझ्या आधी उठलास,
डाव्या पायावर जरा झुकत
(त्या पायाला बोटं तीनच),
स्टोव्हच्या दांडीवर माझे मोजे टाकलेस,
आधी उलटे, मग सुलटे.
मग मुठीत दाबून आणायचास पलंगापाशी
आणि म्हणायचास, पाय दे.
एवढंच.
याहून लांब वाक्य मला कधी मिळालं नाही,
घोड्यांना मिळायचं, तेही युक्रेनियनमध्ये.

सत्याहत्तर साली
मला न विचारता तू तो लाल ट्रॅक्टर घेतलास
आणि मी तीन दिवस अबोला धरला.
मोजे तरीही आले, गरम, मुकाट.
एक मी मुद्दाम दारापर्यंत भिरकावला.
तू तो उचललास,
झटकलास,
आणि पुन्हा शेकायला घेऊन गेलास.

बोटांचं कुणी विचारलं तर म्हणायचास,
कोरियात विसरलो, परत गेलो की आणीन.
मुलं हसायची. मीही हसायचे,
दरवेळी, सवयीनं.
पदकं बिस्किटांच्या डब्यात, बटणांच्या सोबत.
लेसियानं त्यातलं एक शाळेच्या नाटकात हरवलं,
रडत आली,
तर तू विचारलंस, बटणं आहेत ना सगळी?

पण छपरावरचा बर्फ रात्री धाडकन घसरला
की तू जमिनीवर असायचास,
मलाही खाली ओढलेलं,
माझ्या डोक्यावर तुझा अख्खा हात.
मग उठून कडी बघायचास. दोनदा.
सकाळी त्याबद्दल आपण बोलायचो नाही.
अंडी किती, हवा कशी, एवढं बोलायचो.

काल संध्याकाळी वॉकर ढकलत एक म्हातारा आला,
अँब्रोज लाव्हाले, फ्लिन फ्लॉनहून,
रात्रभर बसमध्ये बसून.
हे नाव तू कधी घेतलं नव्हतंस.
म्हणाला, टेकडीवर, नोव्हेंबरात,
माझे मोजे भिजून लाकूड झाले होते.
त्यानं त्याचे काढून दिले.
मी विचारलं, मग त्यानं काय घातलं?
तो चहाच्या कपात बघत राहिला.
मी विचारलं नाही, बाई.
मी एकोणीस वर्षांचा होतो.

खरं सांगू? मला राग आला.
त्याचा नाही. तुझाही नाही म्हणवत.
माझ्या स्वयंपाकघरात, तुझ्या खुर्चीत
हा माणूस त्याची दहाच्या दहा बोटं घेऊन बसला होता
आणि मी टेबलाखाली त्याच्या बुटांकडे बघत होते.
मग उठले,
त्याच्या ताटात आणखी चार पिरोगी वाढले,
वर कांदा, वर लोणी.
तू सहा वाढले असतेस.

आज चर्चमध्ये लीजनची माणसं रांगेनं आली,
एकेकानं कोटावरचं पॉपीचं लाल फूल काढून
तुझ्या पेटीवर ठेवलं.
लाव्हालेचं फूल हातातून निसटलं.
वाकायला त्याला फार वेळ लागला.
कुणी मदतीला गेलं नाही.
ते बरं झालं.

आणि दफनभूमीत गेल्यावर कळलं
ते दोन दिवस कशासाठी होते.
मायरननं गवत पेटवलं होतं, वर कोळसा,
वर पत्रा झाकून
दोन रात्री जागला होता निखाऱ्यांजवळ.
उणे छत्तीसच्या हवेत
तुझ्या खड्ड्यातून वाफ निघत होती.

मी हातमोजा काढला, मूठभर माती घेतली.
शेकलेली.
तशीच धरून उभी राहिले.
फादर थांबले, सगळे थांबले,
लेसियानं कोपराला हात लावला,
आई, टाक ना.

थांब जरा, म्हटलं,
अजून गरम आहे.